बिशपच्या अंगठीला सांभाराचा वास

सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडला की बोटांना वास राहतो आणि मला आमचे फादर आठवतात. केरळातून आलेले हे तरुण पाद्री सायकलवर आमच्या नालवाडीच्या मळ्यात भाजी न्यायला यायचे. आठ वर्षांत माझ्या सासूकडून ते आमची बोलीही शिकले.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास त्यांना दूरच्या मुलखात बिशप नेमलं. निरोपाला चर्चचे लोक रांगेनं वाकून त्यांच्या बोटातल्या नव्या अंगठीचं चुंबन घेत होते. मी विशीतली, अंगात नको तेवढं शहाणपण. सांभाराच्या जुड्या बांधून, हात न धुता तशीच गेलेली. माझी पाळी आली तेव्हा सोन्याची आहे का म्हणून मी अंगठी चक्क घासून पाहिली आणि विचारलं, "फादर, लग्न करून राह्यले काय?"

सासूनं कपाळाला हात लावला. फादर हसले. "हो सूनबाई. तिकडच्या लोकांसंग लग्न लागलं समज. त्याचीच अंगठी हे."

"मंग हे तुमचं माहेर झालं. दिवाळीले येजा."

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "येतो. हा सांभाराचा वास तवरी पुसत नाई."

घरी येईपर्यंत मी स्वतःच्या हुशारीवर खूश. माझं माहेर हिंगणघाट, एका बसच्या अंतरावर, तरी मला वर्षातून एकदाच जायला मिळायचं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. फादरची पत्रं येत राहिली. ते आले नाहीत.

दिवाळीला मी अजून एक जुडी बाजूला ठेवते. नातसून विचारते, "कोणासाठी, आजी?"

"माहेरवाशीण यायची हाय," मी सांगते.