महादेवाच्या देवळात आलेलं मूळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण इथे छापून येणारे अनुभव मी वाचतो आणि बऱ्याचदा एकटाच हसतो. पिंपळ, पडकी विहीर, पांढरी साडी... अहो, मेल्यावर बायकांना दुसरं लुगडं मिळतच नाही की काय? माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. टळटळीत दुपार होती, आम्ही चार माणसं होतो, आणि जे झालं ते माझ्याच तोंडून झालं — असं म्हणतात. 'म्हणतात' असं का लिहिलं, ते पुढे कळेल.

गोष्ट पन्नास-साठच्या दरम्यानची. मी तेव्हा बारामतीला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. लग्न झालेलं नव्हतं, रविवार खायला उठायचा. मग मी एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचो आणि बस चुकलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायचो. कुणी सांगितलं नव्हतं, हौस होती. चहा पाजला तर ठीक, नाही पाजला तरी ठीक. स्टँडवरचा हॉटेलवाला मला मुद्दाम ओरडून म्हणायचा, "आलं बगा गाईडसाहेब! पळा आता, न्हायतर दगडं मोजाय लावत्यात!" कधी कुणी जास्तच रस दाखवला तर मी त्यांना पुढच्या रविवारी इंदापूरलासुद्धा नेऊन गढी दाखवून आणायचो.

लोकांना इतिहास म्हटलं की लढाया हव्या असतात. कोण कुणावर चालून आलं, किती डोकी पडली. मला त्यात गोडी नव्हती. तांबटांच्या आळीत एकाच ठोक्यात घागरीचा गळा वळवणारा माणूस मला जास्त महत्त्वाचा वाटायचा. ढोलकीला शाई भरणारा, चुना मळणारा, फडात नाचणाऱ्या बाईचे चाळ ओवून देणारा... गाव अशा हातांनी उभं राहतं, असं मी सांगायचो. पाहुणे जांभया द्यायचे. द्या म्हणावं.

तर त्या रविवारी मोरगावहून दर्शन करून आलेले तिघं जण स्टँडवर भेटले. लासुर्ण्याचे तात्या, ऊसवाले शेतकरी, डोक्याला मोठा पटका. त्यांचा मुलगा शंकर. आणि शंकरची बायको लक्ष्मी, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. इंदापूरची गाडी बिघडली होती आणि दुसरी दुपार कलल्याशिवाय येणार नव्हती.

"मास्तर, दावा मग तुमचं गाव," तात्या म्हणाले. "पर लई चालवू नगा. गुडघं धरल्यात."

मी खूश! बाजार, तांबट आळी करत आम्ही कऱ्हेच्या काठावरच्या महादेवाच्या जुन्या देवळात आलो. तात्या बोलघेवडे होते. प्रत्येक गोष्टीला त्यांचा एक शेतकरी प्रश्न असायचाच. "एवढा दगूड वढाय बैलं किती लागली आस्तील वो? आन् त्यास्नी वैरन कुठनं आनली?" मला उत्तर येत नव्हतं, पण प्रश्न आवडला. लक्ष्मीबाई मात्र सगळा वेळ गप्प. मला वाटलं, सासऱ्यापुढे बोलत नसतील.

सभामंडपात एक कोरीव खांब आहे. तिथे उभं राहून मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. हे भाषण मला पाढ्यासारखं पाठ होतं. शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. "पाहा ही नक्षी. हिचं मूळ कुठलं? हे पाथरवट कुणी धाडले? कुठल्या वाटेनं आले? कुणालाच ठाऊक नाही." एवढंच. पुढे मी वेलबुट्टीकडे वळलो.

आणि मागून आवाज आला — "मास्तर, परत म्हना."

लक्ष्मीबाई पुढे आल्या होत्या. डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळे भरलेले. मला वाटलं, वा! शेवटी कुणाला तरी नक्षीची गोडी लागली. मी उत्साहानं पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"ह्ये न्हवं. मगाशी म्हनलात त्ये. ठके, वाट बगून डोळं शिणलं, मूळ धाडलंय, ये... दादा कुठाय? दादा आलाय का मूळ घिऊन?"

ठकी कोण? दादा कोण?

तात्यांचा चेहरा एकदम बदलला. ते माझ्या अगदी जवळ आले. "मास्तर, ह्या पोरीचं म्हायेरचं नाव तुमाला कुनी सांगितलं?"

शहरातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ठकी सासरी आली की लक्ष्मी झाली, आणि 'ठकी' तिच्या आईच्या दारातच राहिली. सासरी ते नाव कुणी घेत नसे. दुसरी गोष्ट 'मूळ'. मी म्हटलेलं मूळ म्हणजे उगम. पण सासुरवाशिणीला मूळ म्हणजे माहेरहून न्यायला आलेलं बोलावणं. न्यायला येणारा तो मुराळी. मूळ आल्याशिवाय लेकीनं आपणहून माहेरी जायचं नाही, अशी रीत.

आणि या घरात नेमकं तिथेच अडलं होतं. शंकरनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. लक्ष्मीच्या भावाच्या लग्नात तिच्या माहेरची निरवांगीकर मंडळी व्याह्याला, म्हणजे तात्यांना, फेटा बांधायला विसरली. भर मांडवात! तात्या जेवण न करता उठले. तेव्हापासून तिकडून मूळ आलं नाही आणि इकडून सून गेली नाही. दोन वर्षं झाली. आता बाजारात कुणीतरी म्हणालं होतं की तिची आई अंथरुणाला खिळली आहे. लक्ष्मीनं विचारलं तर तात्यांचं एकच — "आजारी हाय तर मूळ का धाडत न्हाईत?" तिकडे भावाचंही तेच चाललं असणार, की फेट्यासाठी रुसलेल्या माणसाच्या दारात मी कशाला जाऊ?

म्हणजे म्हातारी दोघांच्या मानपानात मरायची आणि लेकीला तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही. खरं सांगतो, मला संताप आला. पण त्याआधी भीती वाटली. कारण तात्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, तिचा अर्थ मला कळत होता. लग्न न झालेला मास्तर, परक्याची तरणी सून, आणि तिचं माहेरचं नाव... झालं! शाळेत कळलं असतं तर नोकरी गेली असती. त्या बिचारीचं तर काय झालं असतं, विचारूच नका.

"तात्या, देवाशपथ, मी फक्त नक्षीचं बोललो."

"त्ये मीबी ऐकलं," तात्या म्हणाले. "शंकऱ्या, तू काय ऐकलंस?"

"दगडाचंच, तात्या."

"मंग ही काय म्हंती?"

"माज्या आईचा आवाज हुता," लक्ष्मीबाई म्हणाल्या. आता त्या मुळीच दबकत नव्हत्या. "मास्तरांचं तोंड हललं आन् आवाज आईचा आला. तुमी मला मारा न्हायतर टाका. मूळ आलंय. मी जानार."

तात्या पायरीवर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. ते गाभाऱ्याकडे बघत होते, आणि मी मनातल्या मनात पळून जायच्या वाटा शोधत होतो. मग ते म्हणाले, "द्येवाच्या दारात आलेलं मूळ मोडता येत न्हाय. पर मूळ हाय तर मुराळी पायजे. मास्तर, तुमच्या तोंडनं आलं, तवा मुराळी तुमीच. चला."

"अहो, मी?... उद्या माझी शाळा आहे!"

"मुराळ्याला कसली साळा!"

माणूस हट्टी खरा, पण रीतीचा पक्का. मी गाडीत बसलो. लासुर्ण्याला तात्या उतरले. उतरताना सुनेला म्हणाले, "आईला माजा रामराम सांग." एवढंच बोलले आणि वळले. आम्ही तिघं पुढे गेलो, फाट्यावर एक बैलगाडी मिळाली, आणि दिवे लागायच्या वेळेला निरवांगीला पोचलो.

दारात भाऊ उभा होता. बहीण दिसताच त्याचं तोंडच उतरलं. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "ह्ये कोन?"

शंकर म्हणाला, "मुराळी."

"आमी कुठं मूळ धाडलं?"

लक्ष्मीबाई थांबल्याच नाहीत, तडक आत गेल्या. आई खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली, आणि वाचाही. इंदापूरचा डॉक्टर बघून गेला होता आणि आता बोलणं परत येणार नाही म्हणाला होता. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी काही विचारलं नव्हतं, तिची तीच बोलायला लागली. "वाचा जायच्या आदी ह्यास्नी लई इनवलं वो आत्याबाईंनी, मूळ धाडा म्हनून. ह्ये ऐकंनात. मंग भितीकडं तोंड करून म्हनल्या, ठके, वाट बगून डोळं शिणलं, मूळ धाडलंय, ये... म्या म्हनलं, आत्याबाई, कुठं धाडलंय? त्येच शेवटचं बोलनं. परत तोंड उघाडलं न्हाय."

वहिनी देवळातलं काही जाणत नव्हती. तिला कुणी सांगायला वेळच मिळाला नव्हता.

आतून रडण्याचा आवाज येत होता. दारातून दिसलं ते एवढंच, की म्हातारीचा धड असलेला डावा हात लेकीच्या तोंडावरून फिरत होता आणि भाऊ भिंतीला डोकं टेकून पोरासारखा रडत होता. मी अंगणात जाऊन बसलो. सकाळच्या गाडीनं इंदापूरमार्गे परत आलो. त्याच आठवड्यात आई गेली, लेकीच्या मांडीवर. शंकरनं बारामतीच्या बाजारात भेटून सांगितलं.

आता मी यावर किती डोकं खाजवलं म्हणता! मूळ, धाडले, वाट — हे तिन्ही शब्द माझ्या भाषणात होतेच. आईच्या काळजीनं पोखरलेल्या बाईनं त्यातून आपल्याला हवं ते ऐकलं, असं मी स्वतःला पटवतो. बरं, पटतंही. मग 'डोळं शिणलं' कुठून आलं? 'ठके' कुठून आलं? आणि वहिनीनं तेच वाक्य जसंच्या तसं का सांगितलं? लेकीला आईची बोलायची पद्धत माहीत होती म्हणावं, तर... जाऊ द्या. एका बाजूनं जुळवलं की दुसऱ्या बाजूनं उसवतं. आत्म्याचं म्हणावं तर म्हातारी तेव्हा जिवंत होती! त्यानंतर तो खांब दाखवताना मी 'मूळ' म्हणत नसे, 'उगम' म्हणायचो. विश्वास नाही म्हणणारा माणूस मी, पण जीभ तिथे वळायचीच नाही.

पुढल्या साली शंकर आणि लक्ष्मीबाई पुन्हा मोरगावला जाऊन आले. शंकर स्टँडवर गाडीची चौकशी करत होता. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, देवळात येता का वाईच?"

शंकरला सांगून आम्ही गेलो. त्याच खांबापाशी त्या उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. "म्हना की त्ये परत. तसंच."

मी म्हटलं. उगम सोडून मूळ म्हटलं. पाथरवट, वाट, सगळं. मलाच कसंतरी होत होतं. दोनदा म्हटलं. त्यांनी डोळे उघडले आणि हसल्या, पण ते हसू बघवेना.

"न्हाय वो. ह्ये तुमीच बोलताय."



पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता मला ठकी म्हननारं कुनी ऱ्हायलं न्हाय. दादाबी लक्ष्मीच म्हंतो."

मला त्यांना हाक मारावीशी वाटली. आईच्या आवाजात नाही तर नाही, माझ्या घोगऱ्या आवाजात. एक शब्द तर होता! तोंड उघडलंही. पण परक्या बाईला, तिच्या माहेरच्या नावानं... जीभ उचलली नाही. त्या दिवशी भर दुपारी, सासऱ्यादेखत, ती कशी उचलली होती — की उचललीच नव्हती — देव जाणे.