गेटाबाहेरही शाळा मानणाऱ्या विमलताई

विमलताईंच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहायचं, तर पहिल्याच ओळीत सांगून टाकते की मला त्यांचा हेवा वाटतो. गुजराती मुलखात, लिंबायतमध्ये असलेल्या आमच्या मराठी शाळेची मी अनेक वर्षं मुख्याध्यापिका होते आणि विमलताई संस्थेच्या कार्यवाह. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्या संस्थेच्या मंडळावर आल्या. पहिल्या भेटीत त्यांनी ना निकाल विचारला, ना पटसंख्या. म्हणाल्या, "बाई, मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं?" मला उत्तर देता आलं. पण हा प्रश्न मला सुचायला हवा होता, असं वाटून मी दिवसभर धुसफुसत राहिले.

माझा हेवा खरा पेटला तो जयश्रीमुळे. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून आलेली सातवीतली मुलगी. वडील कापडाच्या लूमवर कामाला, घर गोडादऱ्याच्या वस्तीत. शाळेच्या रिक्षातल्या तिघी मुली तिच्या अहिराणी बोलण्याची नक्कल करत. तिला 'माले-तुले' म्हणून हाक मारत. एक दिवस त्यांनी तिला जबरदस्तीनं बोलायला लावून फोनवर व्हिडिओ काढला आणि तो वर्गभर फिरवला. जयश्रीनं शाळा सोडली. यातलं तेव्हा आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

मी दोनदा तिच्या घरी गेले. आईनं चहा दिला. जयश्री मान खाली घालून बसून राहिली. तिसऱ्या खेपेस विमलताई सोबत आल्या. त्या जमिनीवरच बसल्या आणि तिच्याच अहिराणीत म्हणाल्या, "ये बेटा, मनाजोडे बस. काय व्हयनं?" मुलगी त्यांच्या मांडीवर कोसळून रडली आणि सगळं सांगून मोकळी झाली. फोन कोणाचा, हेही तिनं सांगितलं. मी शेजारी खुर्चीवर बसले होते. मूल बोलतं झालं याचा आनंद झाला. ते माझ्याशी बोललं नाही, हे मात्र आत टोचत राहिलं.

फोन विमलताईंच्या नातीचा होता.

मंडळाची बैठक बोलावली. खजिनदार म्हणाले, "अहो बेन, छोकऱ्यांची मस्ती आहे. रिक्षात झालं ना? गेटाबाहेरची जबाबदारी आपली कशी?"

विमलताई म्हणाल्या, "भाऊ, फी आपण घेतो ती गेटाच्या आतल्या मुलाची का? ती पोर रिक्षात घाबरली म्हणून शाळेत येत नाही." मग त्या उभ्या राहिल्या. "त्यात माझी नात आहे. हा विषय संपेपर्यंत मी बाहेर बसते. निर्णय तुम्ही घ्या, आणि बाईंचं ऐका."

त्या जाऊन बाहेरच्या बाकावर, बैठकीसाठी बोलावलेल्या जयश्रीच्या आईशेजारी बसल्या. आत कोणालाच विषय दाबून टाकायची सोय उरली नाही. ठरलं ते असं: तिन्ही मुलींनी आईवडिलांसह जयश्रीच्या घरी जाऊन माफी मागायची, व्हिडिओ सगळ्यांसमोर पुसायचा. रिक्षावाल्यांनाही शाळेत बोलवायचं. आणि दर महिन्याला मंडळातल्या कोणीतरी मुलांबरोबर बसून त्यांचं ऐकायचं. ही पद्धत अजून चालू आहे.

घरी नातीनं आजीशी अबोला धरला. सणावारालाही ती बोलेना. त्यांच्या सूनबाईंकडून हे कळल्यावर मी विचारलं, "ताई, कसं सहन करता?"

"तिला माझा राग आला तर चालेल, बाई," त्या म्हणाल्या. "पण तिची कुणाला भीती वाटायला नको."

ते वाक्य ऐकून मला परत हेवा वाटला. माझ्या घरचं मूल त्यात असतं, तर माझ्याकडून हे झालं असतं का? खरंच सांगता येत नाही.

जयश्री परत आली त्या सकाळी मी गेटावर उभी होते. ती मला नमस्कार करून पुढे गेली आणि ऑफिसात विमलताईंना बिलगली. पुढल्या वर्षी रिक्षात तिची जागा धरून ठेवायची ती विमलताईंची नातच. आजीशी धरलेला अबोलाही कधीतरी सुटला. कसा, ते त्या दोघींनाच ठाऊक. आता जयश्री कॉलेजात शिकते. दिवाळीला तिचा मला मेसेज येतो. विमलताईंना फोन येतो, तोही चांगला अर्धा तास. मी चौकशी केली आहे.

माझ्या आजारपणात त्या रोज खिचडी घेऊन येत. माझी मुलगी म्हणाली, "आई, मावशींच्या हातची खिचडी किती छान!" तिथंही मी हरले.

विमलताई, तुमचे गुडघे बरे राहोत, कान असेच तिखट राहोत. मुलं तुमच्याकडे अशीच धावत येवोत आणि तुम्ही शंभरी पाहा. मी मागून येतेच आहे. तुम्हाला गाठायचं आहे मला, पण तुम्ही पुढे चालत असतानाच. तुमच्या गैरहजेरीत मिळालेला पहिला नंबर मला नको.