मैदानावरची कटकट

हर्नियाच्या ऑपरेशनआधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी मला बजावलं आणि धुळ्याच्या मैदानावर मी चालायला जाऊ लागले, तर एक जाडजूड बाई माझ्या मागेच लागली. तिचंही ऑपरेशन वजनापायी अडलेलं. मी दमून बसले की पदर ओढायची, ‘उठ वं माय! काल भरीत खादं ना?’ वर माझं तोंड हुंगायची! मी चिडून, तणतणत चालायचे. नाव कधी विचारलं नाही. संतापात विचारतं कोण!

माझ्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मैदानावर गेले, तर बाई बाकावर बसलेली. आणखीच सुटलेली.

‘चालत का नाही?’ मी खेकसले.

‘तुले उठाडता उठाडता मी उठत व्हतू वं.’

मी कपाळावर हात मारला आणि तिचा पदर ओढला. ‘उठ वं माय!’