ओळख न दाखवण्याचा नियम

स्टेशनवर अचानक गायचं ठरलं तेव्हा आमच्या गायनवृंदाच्या बाईंनी एकच नियम घातला: आपली ओळ येईपर्यंत कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही. वेलिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात, ऑफिसं सुटायच्या गर्दीत, आम्ही चाळीसजण विखरून उभे राहणार. एकजण एकटीच गायला लागणार, दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी साथ देणार, आणि लोकांना कळायच्या आत सगळं स्टेशन गात असणार. बाई बादली घेऊन फिरणार. जमेल ते पैसे हॉस्पिसला, शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी. गाणं संपलं की बॅग उचलून गर्दीत मिसळून जायचं, जणू काही झालंच नाही.

हे २०१४च्या हिवाळ्यातलं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली होती. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून मी वृंदात गेलो, आणि तिथेही फारसं बोलावं लागत नाही हे मला बरं वाटलं. रांगेत उभं राहायचं, तोंड उघडायचं, नऊ वाजता 'सी या' म्हणून घरी. मी एकटा पडलो म्हणून आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला मी दर मंगळवारी सांगायचो, मीटिंग आहे. गाणं म्हटलं असतं तर ती ऐकायला आली असती. पाचवारी साडी, वर माझा जुना स्वेटर, सँडलमध्ये लोकरीचे मोजे. आणि तिथल्या प्रत्येकाला तिने तिच्या इंग्रजीत विचारलं असतं, माझा मुलगा नीट गातो ना?

त्या दुपारी दक्षिणेचा, तिथला बोचरा गार वारा सुटला. माझं जाड जॅकेट घरीच राहिलं होतं.

पाचच्या सुमारास मी एका खांबापाशी मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होतो. फलाटाकडून आई येताना दिसली. जॅकेट घडी घालून छातीशी धरलेलं. ऑफिस सुटलं की मी इथूनच ट्रेन धरतो, हे तिला ठाऊक होतं. या देशात ती तोवर एकटी कधी ट्रेनमध्ये बसली नव्हती.

"अरे!" तिने लांबूनच हात वर केला. "बघ, एकटी आले! गार्डने विचारलं, मी ठणकावून सांगितलं, वेलिंग्टन!"

मी तिच्या डोक्यावरून गाड्यांच्या फलकाकडे बघितलं.

ती जवळ आली. "अरे, मी. वारं किती सुटलंय, म्हणून हे आणलं."

मी चार पावलं बाजूला सरकलो.

नियम वृंदातल्या लोकांपुरता होता. आईला ओळखू नका, असं बाईंनी कधीच सांगितलं नव्हतं. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. आमच्यातले दोघं-तिघं पलीकडेच उभे होते. ही बाई माझी कुणी आहे हे त्यांना कळू नये, एवढंच मला हवं होतं.

मग गाणं सुरू झालं. माझी ओळ आली, मी गायलो. आई गोंधळून माझ्याकडे, मग इतरांकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं. ती हसली, जॅकेट काखेत मारून टाळ्या वाजवायला लागली, ताल सोडून. बादली समोर आली तेव्हा तिने पदराआडच्या पाकिटातून नोट काढून टाकली आणि बाईंना काहीतरी सांगितलं.

गाणं संपल्यावर बाईंनी मला दाराशी गाठलं. "ती साडीतली आजी म्हणत होती, तिचा मुलगा गात होता. तुमच्याकडची दिसते. तू ओळखतोस का तिला?"

"नाही," मी म्हणालो.

आई आधीच्या ट्रेनने निघून जावी म्हणून अर्धा तास बाहेर वाऱ्यात काढून मी पुढची ट्रेन धरली. घरी आई कुकर लावत होती.

"तुमच्यात ओळख दाखवायची नसते का रे गाण्याआधी?"

"हो. नियम आहे तसा."

"मग चुकलंच माझं. वेड्यासारखी ओरडत सुटले. तुला बोलले का रे ते लोक?"

"नाही."

"सांगायचंस तरी आधी. आले नसते मी."

मी तिला चुकलं म्हणू दिलं. खिचडी वाढून घेतली, जेवलो.

पुढच्या मंगळवारी मी घरातून निघालो आणि दाराबाहेर कारमध्येच बसून राहिलो. बाईंच्या समोर उभं राहणं मला शक्य नव्हतं. वृंदात परत कधी गेलो नाही. आई मात्र समाधानाने पुण्याला परतली. पुढच्या वर्षी तिकीट काढतो म्हटलं तर म्हणाली, "आता कशाला? तुला गाण्याची माणसं मिळालीत की. मला काळजी नाही." रविवारच्या फोनवर ती विचारायची, या आठवड्यात काय बसवलंत? आणि मी दर वेळी काहीतरी रचून सांगायचो. चार वर्षं.

ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेराव्याची जेवणं झाल्यावर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "तिकडे मोठ्या स्टेशनात गातोस म्हणे. ताईने अख्ख्या सोसायटीला सांगितलंय. आज तिच्यासाठी म्हण चार ओळी."

मावशीने चटईवर जागा करून दिली.

"घसा बसलाय," मी म्हणालो.

"प्रवासाने होतं तसं," मामा म्हणाले, आणि आत बघून त्यांनी माझ्यासाठी कोमट पाणी मागवलं. ते आलं. सगळे बघत होते, म्हणून मी ते सगळं प्यायलो.