आपाच्या कबरीवरची अक्षरं

आपा गेली तेव्हा मी उस्मानाबादेत नव्हतो. मी तुर्कस्तानात होतो. तिच्या जाण्याची बातमी माझ्यापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी एक छोटंसं गाव पाहून आलो. आपाचा विचार करायला बसलो की ते गावही आठवतं. दोन्ही गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

आपा माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळं मला वाढवलं तिनंच. लग्नानंतर दोन वर्षांत ती विधवा होऊन घरी परत आली आणि ओसरीवर गल्लीतल्या मुलींना उर्दू शिकवू लागली. लाकडी तख्तीला मुलतानी माती फासायची, ती उन्हात वाळवायची, बोरूनं लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा माती फासायची. मीही त्या मुलींच्या रांगेत बसूनच अक्षरं शिकलो. पुढं फारसीचा शिक्षक झालो. निजामाचं राज्य गेलं, शाळांमधून मराठी आली, फारसीचे तास कमी होत गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर एक-दोन वर्षांनी मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. अंकारात वर्षभर राहून तुर्की शिकायचं होतं.

निघताना आपा एवढंच म्हणाली, "तिथल्या बाया काय वाचतात ते बघून ये."

तिथल्या बाया आणि पुरुष नवी, इंग्रजीसारखी अक्षरं वाचत होते. तीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या सरकारनं जुनी लिपी बंद केली होती. जुनी लिपी म्हणजे आपली उर्दूची, एखाददुसरं अक्षर इकडचं तिकडं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ काय होतो हे सफ्रानबोलूला गेल्यावर कळलं.

वसंतातल्या सुट्टीत मी एकटाच बसनं तिथं गेलो. गाव एका खोलगट दरीत वसलेलं. घरांचे वरचे मजले लाकडी, रस्त्यावर पुढं आलेले, आणि एकाही घराची खिडकी दुसऱ्याच्या अंगणावर उघडत नाही. उस्मानी सुलतानांच्या वेळच्या मशिदी, सराई, हमाम सगळं अजून वापरात होतं. चपला शिवणाऱ्यांची एक अख्खी गल्ली होती आणि तिच्यावर द्राक्षाचा मांडव. तिथं एका दुकानात मी चहाला बसलो. दुकानदार पन्नाशीचा, मांडीवर कातडं आणि ओठांत दोरा धरलेला.

"कुठले?" त्यानं विचारलं.

"हिंदुस्थान. गाव उस्मानाबाद."

त्यानं ओठांतला दोरा काढला. "उस्मानाचं गाव? म्हणजे तुम्हीच खरे उस्मानी. आम्ही नुसते चांभार."

शेजारची दोन-तीन माणसं हसली. बोलता बोलता मला जुनी अक्षरं वाचता येतात हे निघालं, आणि मग मला कुणी सोडेना. एकानं घरातला कागद आणला. दुसऱ्यानं कारंज्यावरचा लेख वाचायला नेलं. कारंजं कुणी बांधलं, कोणाच्या नावानं, एवढंच त्यात होतं. पण तो माणूस दर ओळीला मान हलवत होता. "माझा आजोबा काय लिहून गेला हे सांगायला हिंदुस्थानातून माणूस यावा लागला," तो म्हणाला. जुनी लिपी येणारे म्हातारे गावात होते. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या दगडाबद्दल कोण कुणाला विचारतो?

संध्याकाळ व्हायच्या आधी चपलावाला मला मशिदीमागच्या कब्रस्तानात घेऊन गेला. तिथले दगड उभे असतात. पुरुषांच्या दगडावर पागोटं कोरलेलं, बायकांच्या दगडावर फुलं. तो एका दगडापाशी थांबला. आजूबाजूला गवत माजलं होतं, पण या एका कबरीभोवतीची जागा झाडलेली होती आणि पायाशी आयरिसच्या फुलांचे कांदे लावलेले होते.

"माझी आई," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. बाप लढाईतून आला नाही. मावशीनं हा दगड दाखवला होता. चाळीस वर्षं येतो मी इथं, दर शुक्रवारी. होजा, वाचा."

होजा म्हणजे गुरुजी.

मी वाकून वाचायला लागलो. वर, सगळ्या दगडांवर असतं तसं, तोच, म्हणजे अल्लाहच, एक उरणारा आहे असं लिहिलं होतं. ते मी मोठ्यानं वाचलं. पुढच्या ओळीत एका खोगीर करणाऱ्याच्या बायकोचं नाव होतं. खाली साल होतं. मी मनात हिशेब केला, पुन्हा केला. ती बाई हा माणूस जन्मायच्या पन्नासेक वर्षं आधी वारली होती.

मधलं सोडून मी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. तिच्या आत्म्यासाठी फातिहा म्हणा, अशी ती होती.

"आणि नाव?" तो म्हणाला.

"नाव झिजलंय," मी म्हणालो.

त्यानं हात पुढं करून मधल्या ओळीवरून बोट फिरवलं. अक्षरं धारदार होती, बोटाला लागण्याइतकी. ती त्याला वाचता येत नसली तरी हाताला पाठ असणार. तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं ओंजळ करून फातिहा म्हटली, मीही म्हटली, आणि आम्ही परत गल्लीत आलो. त्यानं पुन्हा चहा मागवला. निघताना मी काही विकत घेऊ म्हटलं, तर त्यानं पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या कुणाला त्यानं तो दगड वाचायला सांगितला असेल का, मला माहीत नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.

अंकारात परतलो तर माझ्या थोरल्या भावाचं, भाईचं पत्र येऊन पडलं होतं. चार ओळींचं. आपा गेली, तापाचं निमित्त झालं, चाळिसाव्या दिवसाची फातिहा तुझ्याविना होईल, अभ्यास पुरा करून ये.

मी परत आलो तेव्हा उन्हाळा संपत आला होता. कब्रस्तानात आपाची कबर मातीचीच होती, वर वाळकी काटेरी फांदी ठेवलेली. दगड लावायचा हे ठरलं होतं. भाई माझ्यासाठी थांबला होता. नळदुर्गकडून आलेला एक पाथरवट शहरात काम करत होता. त्याच्याकडं काळा दगड होता, फार मोठा नव्हता.

"तीन वळी बसत्याल," तो म्हणाला. "चौथी घातली तर आक्षरं मुंगीवानी व्हत्याल."

उर्दूत लिहायचं की मराठीत, हे भाईनं मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार हे त्याला कळलं असावं. मीच म्हणालो, "भाई, मराठीत लिहू या."

घरात आम्ही दखनी बोलतो. भाईचं आणि माझं हे सगळं बोलणं त्याच भाषेत झालं. इथं मराठीत लिहितो आहे.

भाई म्हणाला, "आपाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. रेशनचं कार्ड उलटं धरायची."

"दगड तिला वाचायचा नाही."

"मग कुणाला?"

"तुमच्या मुलीला. ती मराठी शाळेत जाते. आपाचा वर्ग बंद झाला. आता तिला उर्दू कोण शिकवणार? उद्या आपण दोघं नसलो म्हणजे ती कुठल्या दगडापाशी उभी राहील?" आणि मी त्याला त्या चपलावाल्याची गोष्ट सांगितली.

भाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्या बाईसाठी दुआ केली. ती वाया गेली म्हणतोस?"

मी काळ्या दगडावरची धूळ हातानं पुसली.

"ऐक," तो म्हणाला. भाई कचेरीत कारकून होता. "पाच-सहा वर्षांपूर्वी कचेरीत मराठी आली तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. सहा महिन्यांत मराठी लिहिता आली नाही तर नोकरी जाईल म्हणाले. पोरीच्या अंकलिपीवरून गिरवलं मी, तिच्या शेजारी बसून. ती मला हसायची. नोकरीसाठी केलं, करायलाच हवं होतं. आता आपाच्या डोक्याशी तरी मला तसं करायला लावू नकोस."

भाईनं ही गोष्ट कधी तोंडातून काढली नव्हती. पाथरवट छिन्नीला धार लावत होता.

"मला दोनी सारखंच हाय, मास्तर," तो म्हणाला. "वाचाया यितंय कुणाला? तुमी रेघा वढून द्या, मी त्येच्यावरनं जातो. उलटं लिव्हून दिलं तरी उलटंच कोरीन."

भाईला थोडं हसू आलं.

मी गेरूनं उर्दूत लिहून दिलं. तिसरी ओळ काय असावी हे आमचं ठरलं नव्हतं. ती मी माझ्या मनानं लिहिली. भाईनं ती वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि पाथरवटाला कोरायची खूण केली.

पुतणीला उर्दू शिकवायचं मी तेव्हा मनाशी ठरवलं होतं. शिकवलं नाही. माझी बदली झाली, तिच्या परीक्षा आल्या, नंतर तिचं लग्न होऊन ती उमरग्याला गेली. दोष कुणाचा म्हटलं तर माझाच. गेल्या वर्षी भाई गेला. आता आपाचा दगड वाचू शकणारा आमच्या घरात मी एकटा आहे. परवा पुतणीचं मराठीत पत्र आलं. मुलांना घेऊन येते आहे, तुमची तब्येत बरी नसेल तर आपाची कबर कुठली ते नीट लिहून ठेवा, म्हणाली.

म्हणून लिहितो. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला विहीर आहे. विहिरीपासून भिंतीकडं जाताना चौथी कबर आपाची, पाचवी भाईची. आपाचा दगड काळा, कमरेइतकाही उंच नाही. वाचायचं उजवीकडून. वरच्या ओळीत अल्लाहचं नाव आहे. मधल्या ओळीत आपाचं आणि आमच्या वडिलांचं. खालची ओळ बारीक आहे आणि डाव्या टोकाला थोडी दाटलेली, कारण पाथरवटाला जागा कमी पडली. तिचा अर्थ असा: हिनं या गल्लीतल्या मुलींना अक्षरं शिकवली.