छऱ्याची बंदूक आणि लांबची गोळी

जन्मात एक ससा न मारता एवढा मोठा शिकारी झालेला माणूस आमच्या मेव्हण्याखेरीज उंब्रजच्या आसपास दुसरा सापडणार नाही. परवा सांजच्याला आम्ही दोघं बांधावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. लांबच्या जनावराला टोकदार गोळी घालावी की मऊ तोंडाची, यावर तो बोलत होता आणि मी "व्हय, व्हय" करत त्याच्या वाटणीच्या शेंगा खात होतो. बंदूक जवळ असतानाचं आमचं शेवटचं बसणं ते.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. फौजेतनं सुभेदार होऊन आला आणि रानडुकरांपासनं पीक राखायला परवान्याची बंदूक घेतली. बंदूक छऱ्याची, तिचा मार आमच्या बांधापलीकडं जायचा नाही. बोलणं मात्र पार समोरच्या डोंगरावरचं. "दाजी, आधी गोळी ठरवायची, मग जनावर बघायचं. टोकदार गोळी वारा कापती. मऊ तोंडाची आत जाऊन फुलती. हलकी जोरात सुटती, पण लांब जाईस्तोवर दमती." मला गोळ्यांतली कळायची ती एकच, डॉक्टरची. पण मान अशी डोलवायचो की बघणाऱ्याला वाटावं, हाही फौजेतलाच. एकदा त्यानं लांब वांगं आणि गोल वांगं शेजारी मांडून मला वारा समजावून सांगितला. बायकोनं दोन्ही चिरून कालवणात टाकली आणि भावाला हाक मारली. "आप्पा, तुझ्या गोळ्या शिजल्या, जेवाय ये."

एकदा मात्र दिवस मावळायच्या आत खरंच भलंमोठं डुक्कर उसातनं बाहेर आलं. सुभेदारानं बंदूक खांद्याला लावली आणि पुटपुटला, "दाजी, अंतर किती असंल?" मी शहाणा. उठलो आणि पावलं टाकत, मोजत डुकराकडंच निघालो. "आवं, मधनं सरका की!" तो ओरडला. डुक्कर माझ्याकडं बघत राहिलं. असला माणूस त्यानंही पाहिला नसावा. शेवटी बायको परात बडवत धावत आली तेव्हा ते गेलं. "दोन गडी, एक बंदूक, आन् हाकलायला मीच!"

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. रडायला आलेली माणसं आपापल्या गावाला परतली. हा रोज सांजच्याला येत राहिला. बहिणीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. राखणीला आलोय म्हणायचा आणि गोळ्यांचं सुरू करायचा. दिवा लावायच्या वेळेला मला घरात बसवत नाही. तेवढा वेळ त्याच्या बोलण्यात निघून जायचा.

काल त्यानं बंदूक ठाण्यात जमा केली. डोळ्यांना अंधूक दिसतं, आणि घरात पोरंबाळं खेळतात तिथं बंदूक नको, असं सुनेनंही सांगितलं होतं. परतताना वाटेत भेटला. रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्याला सुचत नव्हतं. "आता कशाला यायचं राखणीला, दाजी?" म्हणाला. नुसतं बसायला ये, एवढं बोलायला माझी जीभ उचलली नाही. सांजचा तो आला नाही.

आज सकाळी चहासुद्धा न घेता मी त्याच्या दारात गेलो. सोप्यात बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"सुभेदार, डुकरं उतरली रं राती," मी ठोकून दिलं. रानात एक खूर उमटलेला नव्हता. "एक मोठं लय लांब हुतं, पार वढ्यापल्याड. बंदूक असती तर कंची गोळी घातली असतीस?"

तो उठून बसला. पायाशी पडलेली वाकळ गोळा करून माझ्यापुरती जागा केली आणि विचारलं, "वारं कुणीकडनं हुतं?"