मसणवटीचे राखणदार

मेलेल्या माणसांची बाजू घेऊन जिवंतांशी भांडणारा गृहस्थ साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सारं गाव त्यांना आबाजी म्हणे. दिग्रसहून आमच्या गावाकडे येताना नाल्याच्या अलीकडे मसणवट लागते, म्हणजे लागत असे. तिची राखण त्यांनी आपण होऊन स्वतःकडे घेतली होती. सकाळची भाकर खाल्ली की बेशरमाच्या झुडपाची काठी घेऊन निघायचं आणि तिथल्या बाभळीखाली गोणपाट टाकून बसायचं. शेळ्या आल्या की शेळ्यांना, क्रिकेटवाली पोरं आली की पोरांना, आणि शेणाचं टोपलं घेऊन कोणी उकिरडा घालायला आली की तिच्या माहेरच्या सगळ्यांना ते काठीच्या टप्प्यात घेत. एकदा गावातल्या एका पुढाऱ्यानं आपलं सोयाबीन मळायला तिथं आणून टाकलं. आबाजी त्या ढिगावर जाऊन आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "पेटवा आता मले. अठी मानसं जाळतात, दाने नाही काढत." पुढाऱ्यानं निमूटपणे थ्रेशर परत नेलं.

आता राखण करायला मसणवटीत असतं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण आमच्या गावात रिकामी म्हणावी अशी तेवढीच एक जागा उरली होती. ई-क्लासचं, म्हणजे सरकारी, गायरान आधी गेलं, मग गायरान नाही म्हणून बरीचशी गुरं गेली. पोळा भरायचा ते मैदान गेलं, तळ्याचा काठ गेला. हौसेनं कोणी अतिक्रमण करत नव्हतं; एका घरात चार भाऊ, चौघांचे संसार, त्यांची पोरं लग्नाला आलेली, मग माणसानं पाय पसरायचे कुठे? घरं पुढे सरकत गेली आणि रस्ते आकसत गेले. मसणवटीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर दोन्हीकडून न्हाण्या इतक्या पुढे आल्या, की एका म्हाताऱ्याची तिरडी वळणावर चक्क अडकली आणि न्हाणीतल्या बाईची अंघोळ आटपून आडोसा बाजूला होईपर्यंत मेलेल्याला ताटकळावं लागलं. आबाजी तेव्हा तिरडीच्या पुढे होते. आयुष्यभर नळावर नंबर लावला, आता इथंही लाव, असं त्यांनी त्या म्हाताऱ्याला समजावल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आबाजींना लग्नाला बोलवायचं म्हणजे यजमान त्यांची पत्रिका सगळ्यात शेवटी काढी. अक्षता टाकून झाल्या की ते मांडवात सगळ्यांदेखत नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवत आणि खऱ्या काळजीनं विचारत, "बावा, झोपशीन कुठं?" नवरदेव लाजे, करवल्या हसत, आणि मुलाचा बाप मात्र दुसरीकडे बघू लागे. बारशाला गेले तर पाळण्यात डोकावून कौतुक करत आणि जाता जाता बापाला म्हणत, की पोरगं गोड आहे, पण याच्यासाठी तू जागा कोणती पाहून ठेवली आहेस?

माझं दिग्रसला औषधांचं दुकान आहे, आणि त्यावर त्यांचा विशेष राग. बाजाराच्या दिवशी येऊन, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मोठ्यानं सांगत की या पोट्ट्याच्या गोळ्यांनी गावात कोणी मरूनच नाही राह्यलं. एवढं बोलून झालं की खोकल्याची बाटली मागत. मी चिडे. असं काय तुम्ही त्या मसणवटीत पुरून ठेवलं आहे, असं एकदा मी वैतागून विचारलं, तेव्हा ते बाकावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"माह्या मायनं नऊ लेकरं आनली. त्यातले सहा त्या बाभळीखाली हायेत. कोणी हगवणीनं गेलं, कोणी तापानं. शेवटची बहीण तर म्या माह्या हातावर नेलती. माह्यं लगन झालं तवा म्हटलं, आपलेही अर्धे जातीन. म्हणून सात होऊ देल्ले." मग म्हणाले, "एकही गेलं नाही. आता देवाले काय म्हनू? काहून नाही नेले म्हनून भांडू?"

गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण त्याच्या गोळ्या मला पुन्हा पुन्हा मोजाव्या लागल्या.

आबाजींच्या सातांपैकी दोन मुली नांदायला गेल्या. पाच मुलगे, पाच सुना आणि त्यांची मुलं तीन खोल्यांत राहिली. त्या घरात कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून परवानगी घ्यावी लागे. शेताच्या वाटण्या झाल्या आणि एकेकाच्या वाट्याला अशी चिंचोळी पट्टी आली, की वखराचे बैल वळवताना भावाच्या रानात पाय पडे आणि त्यावरून भांडण होई. धाकटा तर गोठ्याला टेकवलेल्या टिनाच्या आडोशाला राहत होता. मागच्या पावसाळ्यात भरदुपारी गोठ्याची भिंत बसली. जीव वाचले, पण धाकट्याच्या मुलीचा पाय मोडला. पुढच्या आठवड्यात मसणवटीत, बाभळीला अगदी लागून, घराच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या.

याआधी तिथं ज्यांनी ज्यांनी खुंट्या ठोकल्या, त्यांच्या खुंट्या आबाजींनी उपटून स्वतःच्या चुलीत घातल्या होत्या. आता काय होतं ते बघायला सारं गाव गोळा झालं. खोटं कशाला सांगू, मीही दुकान बंद ठेवून गेलो होतो. धाकटा मुलीला कडेवर घेऊन उभा होता, तिच्या पायाला पांढरंशुभ्र प्लास्टर. आबाजींनी त्याला विचारलं, दुसरी जागा नाही मिळाली? तो म्हणाला, "तुम्हीच दाखवा बाबा, कुठं हाये?"

आबाजींनी चौफेर पाहिलं. खरोखर पाहिलं, एखादी जागा नजरेतून सुटली असेल तर सापडावी म्हणून. मग वाकून एकेक खुंटी उपटली. गर्दीत समाधानाची कुजबुज झाली. पण त्या खुंट्या काखेत धरून ते बाभळीपासून थोडे दूर चालत गेले, दगड उचलला आणि स्वतःच्या हातानं त्या पुन्हा जमिनीत ठोकू लागले. शेवटची ठोकताना धाप लागली, तेव्हा मुलाकडे न बघता म्हणाले, "चूल इकडं मांडजो. तिकडं तुहे आत्या-काका निजून हायेत."

त्यानंतर कोणाला अडवायचा हक्कच त्यांना राहिला नाही. दिवाळीपर्यंत मसणवटीत ओळीनं घरं उठली. आबाजी तिकडे जाईनासे झाले. लग्नाला गेले तर अक्षता टाकत, पंगतीत मुकाट्यानं जेवत आणि उठत. नवरदेवाला ते काहीच विचारत नाहीत, हे पाहून मला फार वाईट वाटे. दुकानावर आले की बाटली घेऊन न बोलता जात, आणि माझी गिऱ्हाइकंच आबाजींना काय झालं म्हणून मला विचारत.

या उन्हाळ्यात ते गेले. मसणवटीत न्यायला मसणवट नव्हती. लेकरं भितात, असं तिथल्या बायका म्हणाल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेजारच्या गावानं हात जोडून सांगितलं, की आमचंच आम्हाला पुरत नाही. शेवटी धाकट्याच्या पट्टीत सरण रचलं. पट्टी एवढी अरुंद, की ठिणग्या दोन्हीकडच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर उडू लागल्या. बापाला अग्नी देऊन पाचही भाऊ पाण्याच्या बादल्या घेऊन आपापल्या धुऱ्यावर उभे राहिले. रडायला कोणाला फुरसत नव्हती. मला हसूही आलं आणि रडूही, आणि दोन्ही मी गमछ्यात लपवलं.

पावसाआधी राख सावडून तिथं वखर फिरवावाच लागला. आता त्या जागेवर कपाशी आहे.

परवा धाकट्याच्या नव्या घरी चहाला गेलो होतो. त्याची मुलगी आता नीट चालते. बाभूळ मात्र राहिलेली नाही, सगळीकडे घरंच घरं. तुझे आत्या-काका नेमके कुठे रे, असं मी सहज विचारलं. तो बाहेर येऊन उभा राहिला. एका घराकडे बोट केलं, मग दुसऱ्याकडे, मग हात खाली घेतला.

"बाबाले मालूम होतं," तो म्हणाला.